ढाक्याले कोन इचारन?

डिसेंबर २०२३. नागपुरात विधिमंडळाच्या अधिवेशनाचे दिवस होते. मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर पोलिसांनी कठडे लावून मोर्चा अडवला होता, बर्डीकडे जायचा रस्ता बंद होता. मी गाडी बाजूला लावली आणि चहाच्या ठेल्यावर थांबलो. शेजारी वरुडकडचे एक संत्रा बागायतदार बसले होते. गळ्यात दुपट्टा, पायाशी कापडी पिशवी. त्यांनी पिशवीतून दोन संत्री काढून माझ्या हातात ठेवली. आंबिया बहाराची होती, सालीवर अजून हिरवट झाक, पण आत रस गच्च. मी भाव विचारला.

"भावाचं काय इचारता सर, चांगला माल चुरीच्या भावात जाऊन रायला. बांगलादेशात मालच चालला नाही. आमदाराले इचारलं तं तो म्हनते, हा दिल्लीचा विषय हाये. दिल्लीवाले म्हनते, शुल्क ढाक्यानं लावलं, आमी काय करू? मंग ढाक्याले कोन इचारन?"

तीस वर्षं मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं. केंद्रसूची, राज्यसूची, समवर्ती सूची पोरांकडून पाठ करून घेतल्या. त्या माणसाच्या प्रश्नाला मला उत्तर देता आलं नाही, आणि तेव्हापासून तो प्रश्न डोक्यातून गेलेला नाही.

त्यांचं दुखणं आकड्यांत सांगतो. नागपुरी संत्र्याचं सगळ्यात मोठं परदेशी गिऱ्हाईक बांगलादेश. २०१९ च्या सुमारास तिथलं आयात शुल्क किलोमागे वीसेक रुपये होतं. ते वर्षागणिक चढत २०२३ मध्ये ८८ रुपयांवर गेलं. वरुड, मोर्शी, काटोल, नरखेडचा माल तिथल्या गिऱ्हाइकाच्या आवाक्याबाहेर गेला आणि तोच माल नागपूरच्या कळमना बाजारात येऊन पडला. त्या हिवाळ्यात राज्य सरकारनं निर्यातदारांना निम्म्या शुल्काइतकं, म्हणजे किलोमागे ४४ रुपये, अनुदान जाहीर केलं. ते गरजेचंच होतं. पण शेजारच्या देशानं लावलेल्या कराचा निम्मा भार आपल्या तिजोरीतून उचलणं हा इलाज किती वर्षं पुरणार?

आता दुसरी बाजू पाहा. सप्टेंबर २०१९ मध्ये भारतानं कांद्याची निर्यात एका दिवसात थांबवली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला बांगलादेशाच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत व्यापाऱ्यांपुढे बोलताना म्हणाल्या की, कांदा बंद झाल्यामुळे आचाऱ्याला बिनकांद्याचं जेवण करायला सांगितलं आहे. आधी कळवलं असतं तर आम्ही दुसरीकडून सोय केली असती. सभागृहात हशा पिकला. मला मात्र त्या बोलण्यात वरुडच्या बागायतदाराचाच सूर ऐकू येतो. त्यांचंही म्हणणं तेच होतं: आम्हाला कोणी आधी विचारत का नाही? कांद्याचा राग संत्र्यावर काढला, असं मी म्हणत नाही. २०२२ मध्ये परकीय चलन वाचवायला बांगलादेशानं फळांसह कितीतरी वस्तूंवर जादा शुल्क लावलं होतं, आणि त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही कदाचित तेच केलं असतं. माझं म्हणणं एवढंच, की लासलगावचा कांदा, ढाक्यातलं स्वयंपाकघर आणि वरुडची बाग यांचा एकमेकांशी थेट संबंध आहे, आणि या तिन्ही ठिकाणांहून निवडून आलेली माणसं कधी एका टेबलाभोवती बसलेली नाहीत.

ती बसावीत, दरवर्षी बसावीत, आणि नागपुरात बसावीत. एवढीच माझी मागणी आहे.

अशी बैठक म्हणजे नेमकं काय, हे सांगायला अमेरिकेतलं एक उदाहरण घेतो, कारण तिथे ते चार दशकं चालून दाखवलेलं आहे. आयोवा राज्यातून सेनेटवर निवडून गेलेले डेमोक्रॅटिक पक्षाचे डिक क्लार्क १९७८ च्या निवडणुकीत हरले. त्यांनी १९८३ मध्ये अ‍ॅस्पेन इन्स्टिट्यूटमध्ये खासदारांसाठी एक कार्यक्रम सुरू केला. तेव्हा शीतयुद्ध पेटलेलं होतं आणि विषय होता सोव्हिएत संघाशी संबंध. नियम साधे होते. दोन्ही पक्षांचे खासदार यायचे. त्यांच्यासोबत विषय जाणणारे अभ्यासक, त्यांत समोरच्या देशाचेही. लॉबीवाल्यांना प्रवेश नाही. सरकारचा पैसा नाही, कंपन्यांचा नाही, परदेशी सरकारचा तर नाहीच. खर्च धर्मादाय प्रतिष्ठानांकडून. पत्रकार नाहीत. काही दिवस एकत्र राहायचं, एकत्र जेवायचं, ऐकायचं, विचारायचं. शेवटी ठराव नाही, संयुक्त निवेदन नाही.

ठराव नसेल तर हाती काय लागतं, हा प्रश्न रास्त आहे. ऑगस्ट १९९१ मध्ये मॉस्कोत गोर्बाचेव यांच्याविरुद्ध उठाव झाला, तेव्हा डेमोक्रॅट सेनेटर सॅम नन अशाच एका परिषदेसाठी बुडापेस्टमध्ये होते. रशियन अभ्यासकांशी असलेल्या ओळखीवर ते थेट मॉस्कोला गेले. परत येताना डोक्यात एकच काळजी होती: हा देश मोडतोय, त्याच्या हजारो अण्वस्त्रांचं काय? त्या देशाला मदत द्यावी, हा त्यांचा पहिला प्रस्ताव पडला. जुन्या शत्रूला आपल्या करदात्याचा पैसा कशाला, असं लोक म्हणत होते. मग रिपब्लिकन पक्षाचे रिचर्ड लुगार सोबत आले. नोव्हेंबरमध्ये एका सकाळी नाश्त्याच्या टेबलावर दोन्ही पक्षांचे सोळा सेनेटर जमले, त्यांना परिस्थिती समजावून सांगितली गेली, आणि चारच दिवसांनी सेनेटनं अण्वस्त्रं निकामी करायला पैसा देणारा तो कायदा ८६ विरुद्ध ८ मतांनी मंजूर केला. त्या कार्यक्रमातून पुढे साडेसात हजारांहून अधिक अण्वस्त्रं निकामी झाली. युक्रेन, कझाकस्तान, बेलारूस हे तीन देश १९९६ पर्यंत अण्वस्त्रमुक्त झाले. मॉस्कोत फोन कोणाला करायचा हे नन यांना आधीच ठाऊक होतं, म्हणून हे तीन महिन्यांत झालं. ओळख संकटाच्या दिवशी करून चालत नाही, ती आधी करून ठेवावी लागते.

याची किंमत मोजावी लागते, हेही लपवू नये. छत्तीस वर्षं सेनेटमध्ये काढलेले लुगार २०१२ मध्ये स्वतःच्याच पक्षाच्या उमेदवारी निवडणुकीत हरले. विरोधकांशी जुळवून घेतात, हा त्यांच्यावरचा एक मोठा आरोप होता. म्हणजे अमेरिकेतही हे वातावरण टिकलेलं नाही, आणि तिथलं सगळं आदर्श आहे असं मला मुळीच सुचवायचं नाही.

आपल्याकडे अशा कामासाठी 'पक्षातीत' किंवा 'पक्षनिरपेक्ष' हे शब्द वापरले जातात आणि त्यातून एक गैरसमज होतो. पक्षातीत म्हटलं की आपण कोणत्याही पक्षात नसलेली माणसं शोधायला लागतो: निवृत्त राजदूत, निवृत्त सेनाधिकारी, माजी कुलगुरू. १९९१ मध्ये राजस्थानातल्या नीमराणा किल्ल्यात सुरू झालेला भारत-पाकिस्तान संवाद असाच होता, आणि कठीण काळात त्यानं धागा तुटू दिला नाही याबद्दल मला आदर आहे. पण निवृत्त माणसाला मतदारसंघ नसतो. त्याला उद्या सकाळी कोणी मोर्चा घेऊन विचारायला येत नाही. पक्षातीत संवादाचा खरा अर्थ उलट आहे. ज्यांना पक्ष आहे, झेंडा आहे, मतदार आहेत, अशीच सगळ्या रंगांची माणसं एका खोलीत आणायची, आणि त्या खोलीपुरतं कोणालाच भाषण ठोकण्याचं कारण उरू द्यायचं नाही. कॅमेरा नसला की माणूस वेगळं बोलतो. अधिवेशन काळात आमदार निवासाच्या आवारात रात्री नऊनंतर फिरून पाहा. दिवसभर सभागृहात एकमेकांवर तुटून पडलेले दोन पक्षांचे आमदार एकाच ताटातली संत्रा बर्फी खाताना दिसतील. ही ऊब आपल्याकडे आहेच. तिला विषय दिलेला नाही.

नागपूरला हे नवीन नाही, हे मला विशेष आवर्जून सांगायचं आहे. आपण स्वतःला दोन राजधान्यांच्या मधलं, झिरो माइलचं, ज्यातून नुसत्या गाड्या जातात असं शहर समजतो. १९४९ साली अमेरिकेच्या कोलोराडोतल्या अ‍ॅस्पेन गावी जर्मन कवी गटेच्या द्विशताब्दीचा सोहळा झाला आणि त्यातून पुढे ती संस्था उभी राहिली. त्याच वर्षी डिसेंबरात, नागपूरपासून पाऊणशे किलोमीटरवर सेवाग्रामात, जगभरचे शांतिवादी जमले होते. आधी शांतिनिकेतनात आणि मग सेवाग्रामात अशी ती जागतिक परिषद झाली. गांधीजींच्या हयातीतच तिची कल्पना ठरली होती. त्यांच्या हत्येमुळे ती लांबली आणि त्यांच्यामागे झाली. तीसेक देशांतून लोक आले, कुडाच्या झोपड्यांत राहिले, पंगतीत बसून जेवले. अ‍ॅस्पेन टिकलं. सेवाग्रामची ती बैठक इतिहासाच्या तळटीपेत गेली, कारण दरवर्षी बोलावणं धाडणारं, पाहुण्यांची सोय पाहणारं, हिशेब ठेवणारं कोणी मागे राहिलं नाही.

आणि दुसरी गोष्ट, जी मी प्रत्येक वर्गाला सांगत आलो. १९५३ मध्ये जेम्स लॉसन नावाचा एक तरुण कृष्णवर्णीय अमेरिकन नागपूरला आला. कोरियन युद्धात भरती व्हायला नकार दिला म्हणून तो तुरुंगात जाऊन आला होता. मेथॉडिस्ट मिशननं त्याला पाठवलं आणि हिस्लॉप कॉलेजात तो शिकवू लागला, मुलांना मैदानावर खेळ शिकवू लागला. गांधीविचाराचा अभ्यास हे त्याचं खरं वेड. डिसेंबर १९५५ मध्ये त्यानं इथल्याच 'नागपूर टाइम्स'मध्ये बातमी वाचली की अलाबामातल्या माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकला आहे. आनंदानं तो ओरडलाच, असं त्यानं नंतर सांगितलं आहे. १९५६ मध्ये तो परतला. १९५७ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग त्याला भेटले आणि म्हणाले, दक्षिणेत ये, आत्ताच ये. नॅशव्हिलमध्ये त्यानं विद्यार्थ्यांच्या कार्यशाळा घेतल्या: शिवी आली तर काय करायचं, अंगावर थुंकलं तर काय करायचं, खाली पाडलं तर डोकं कसं वाचवायचं. फेब्रुवारी १९६० मध्ये त्याच विद्यार्थ्यांनी गोऱ्यांसाठी राखीव खानावळींच्या बाकांवर जाऊन बसण्याचा सत्याग्रह केला आणि मे महिन्यात नॅशव्हिलच्या त्या खानावळी सगळ्यांना खुल्या झाल्या. डायेन नॅश, जॉन लुईस हे त्या वर्गातले. लुईस पुढे तेहतीस वर्षं अमेरिकन काँग्रेसचे सदस्य होते. लॉसन जून २०२४ मध्ये पंचाण्णव वर्षांचे होऊन गेले. आपल्या शहरात त्यांची आठवण फार थोड्या लोकांना आहे, याचं मला दुःख होतं.

लॉसन काही परिषदेला आले नव्हते. ते तीन वर्षं राहिले. इथला उन्हाळा काढला, इथल्या मुलांबरोबर धावले, इथला पेपर वाचला. परराष्ट्र धोरणावरचे एक दिवसाचे सोहळे मी पुष्कळ पाहिलेत. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचा परिचय अर्धा तास, पाहुण्यांचं भाषण वीस मिनिटं, आभार. दुपारच्या विमानानं पाहुणे परत. त्यातून फोटो निघतात. मला हवा तो संवाद निदान आठवडाभराचा असला पाहिजे, आणि त्यातला निम्मा वेळ सभागृहाबाहेर गेला पाहिजे: कळमन्यात पहाटे लिलाव बघायला, काटोलच्या एखाद्या बगीच्यात, जिनिंगमध्ये, कापूस संशोधन संस्थेत.

कापसाचं नाव निघालंच आहे तर थोडं थांबतो. २००३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार गरीब आफ्रिकी देशांनी तक्रार मांडली की श्रीमंत देश आपल्या कापूस उत्पादकांना जे अनुदान देतात त्यानं जगातला भाव पडतो आणि आमचा शेतकरी मरतो. ब्राझीलनं अमेरिकेविरुद्ध २००२ मध्येच दावा लावला होता. तो जिंकला आणि २०१४ मध्ये अमेरिकेनं ३० कोटी डॉलर देऊन तो मिटवला. हा सगळा काळ म्हणजे यवतमाळ-वर्ध्यातल्या आत्महत्यांचा काळ. मालीतला शेतकरी आणि यवतमाळचा शेतकरी एकाच भावाखाली दबत होते. विदर्भातल्या किती आमदारांची त्या चार देशांतल्या एखाद्या लोकप्रतिनिधीशी गाठ पडली होती? बोलणी जिनिव्हात चालली होती, राज्यातले प्रश्न राज्यातच विचारले जात होते, आणि मधला दुवा कोणाच्याच कामाचा भाग नव्हता.

यावर पहिला आक्षेप घटनेचा येतो. परदेशांशी व्यापार, आयात-निर्यात हा केंद्राच्या सूचीतला विषय. आमदाराचा त्यात काय संबंध? करार करण्याचा अधिकार आमदाराला नाही आणि तो मिळावा असंही माझं म्हणणं नाही. पण शेती राज्याच्या सूचीत आहे. केंद्राच्या किंवा परक्या राजधानीच्या निर्णयाचा धक्का जिथे बसतो ते घर आमदाराच्या मतदारसंघात आहे. खुद्द परराष्ट्र मंत्रालयानं २०१४ मध्ये राज्यांसाठी वेगळा विभाग सुरू केला, तो हे ओळखूनच. समजून घेणं, ओळख ठेवणं, नेमका प्रश्न नेमक्या जागी पोचवणं याला कोणतीही सूची आड येत नाही.

दुसरा आक्षेप व्हिपचा. १९८५ च्या पक्षांतरबंदीनंतर आपला आमदार पक्षादेशानंच मत देतो. मग त्याचं मत बदलून उपयोग काय? हे खरं आहे, आणि म्हणूनच नन-लुगार यांच्यासारखा चमत्कार आपल्याकडे लगेच होईल अशी आशा मी दाखवणार नाही. पण आमदाराचं काम मतदानापुरतं नसतं. तारांकित प्रश्न तो स्वतः लिहितो. लक्षवेधी तो लावतो, अर्ध्या तासाची चर्चा तो मागतो, समितीत तो बसतो. तिथे व्हिपपेक्षा माहिती मोठी ठरते. संत्र्यावरच्या चर्चेत "केंद्राकडे पाठपुरावा करण्यात येईल" या उत्तरावर जो आमदार खाली बसतो, त्याला पुढचा प्रश्न सुचत नाही म्हणून तो बसतो. पुढचा प्रश्न सुचायला समोरच्या देशाची अडचण माहीत असावी लागते.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो मला सगळ्यात गंभीर वाटतो. लोक म्हणतात, हे सगळं आमदारांच्या सहलीचं निमित्त. लोकांचा हा संशय मी हलक्यानं घेत नाही, त्याला आधार आहे. अमेरिकेत जॅक अब्रामॉफ नावाच्या लॉबीवाल्यानं खासदारांना स्कॉटलंडमध्ये गोल्फ खेळायला नेलं होतं. तो तुरुंगात गेला आणि त्या प्रकरणानंतर २००७ मध्ये खासदारांच्या अशा प्रवासांवर कडक कायदा करावा लागला. त्याहून वाईट उदाहरण जुनं आहे. १९५० मध्ये बर्लिनमध्ये सांस्कृतिक स्वातंत्र्यासाठी म्हणून एक मोठी आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. १९५१ मध्ये तिची परिषद आपल्या मुंबईतही झाली. जगभरचे नामांकित लेखक, विचारवंत तिच्याशी जोडले गेले. १९६६-६७ मध्ये उघड झालं की पैसा अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याचा, सीआयएचा होता. त्यातल्या पुष्कळांना याची कल्पनाही नव्हती आणि ते जे बोलले ते मनापासून बोलले होते. तरी त्यांच्या प्रत्येक शब्दावर डाग पडला, आणि तो कधी गेला नाही.

म्हणून पैशाच्या बाबतीत मी कर्मठ आहे. आपल्याकडे विदेशी अंशदानाचा २०१० चा कायदा आमदाराला परदेश प्रवासात परक्यांचा पाहुणचार केंद्राच्या परवानगीशिवाय घेऊ देत नाही, आणि ते योग्यच आहे. संवाद नागपुरात झाला तर हा प्रश्न उद्भवतच नाही. आपला आमदार कुठेही जात नाही. आमदार निवासात राहतो, इथलंच पाणी पितो. पाहुणे आपल्याकडे येतात. सरकारचा पैसा नको, कारण मग सत्तेत असेल तो पक्ष यजमान होतो आणि विरोधी बाकांवरचे यायचे नाहीत. कंपन्यांचा नको. विद्यापीठ यजमान असावं, दोन-चार जुने विश्वस्त निधी असावेत, आणि उरलेलं लोकांच्या छोट्या वर्गणीतून यावं. आपल्या गावागावांत हरिनाम सप्ताह होतो. काला झाला की तिसऱ्या दिवशी जमाखर्च देवळाच्या भिंतीवर लागतो. कोणी पाच किलो तूर दिली तेही त्यात असतं. तसाच हिशेब विधान भवनाच्या फाटकावर लागला पाहिजे. खोलीतलं बोलणं बंद ठेवायचं असेल तर खोलीबाहेरचं सगळं, कोण आलं, कोणाच्या पैशानं आलं, कोणत्या विषयावर बसलं, उघडं ठेवावंच लागेल. यात सूट मागणाऱ्याच्या संवादाला मी जाणार नाही.

एक आक्षेप मात्र कोणी घेत नाही, तो मीच घेतो. हे सगळे संवाद इंग्रजीत चालतात. दिल्लीतल्या मोठ्या परिषदांना जाऊन आलेल्यांशी बोललो की कळतं, तिथे ज्याला सफाईनं इंग्रजी बोलता येतं तोच उठून दिसतो. मेळघाटातला, गडचिरोलीतला, मराठवाड्यातला आमदार अशा खोलीत गप्प बसेल आणि घरी जाऊन म्हणेल, ते आपल्यासाठी नाही. खरं तर आपल्या माणसांचं दुःख त्याला सगळ्यांत नेमकं सांगता येतं, पण मराठीत. मराठी, हिंदी, बांगला यांच्यात समोरासमोर दुभाषे हवेत, आणि दुभाषेपणा हे मानाचं, नीट पगाराचं काम मानलं गेलं पाहिजे. विद्यापीठातल्या भाषा विभागांना यापेक्षा चांगलं काम कोणतं देता येईल? प्रत्येक आमदाराला महिनाभर आधी दहा पानांची टिपणं मिळावीत, त्याच्या भाषेत, आणि ती समजावून द्यायला राज्यशास्त्राचा किंवा कृषीचा एकेक विद्यार्थी. खासदारांसाठी पीआरएस ही संस्था २०१० पासून तरुण साहाय्यक देते. विधिमंडळात असा हात बहुतेकांना मिळत नाही.

कोणी म्हणेल, परदेश राहू द्या, आधी घरातलं पाहा. जुलै २०१९ मध्ये नागपूरला दिवसाआड पाणी येत होतं, आठवतं? पेंचचं पाणी वर मध्य प्रदेशात चौरईच्या धरणात अडलं होतं आणि तोतलाडोह तळाला गेला होता. छिंदवाड्याचे आमदार आणि नागपूरचे आमदार तेव्हा एकत्र बसले का? बसायला हवे होते. मला हा मुद्दा मान्यच आहे. पहिल्या वर्षी छिंदवाडा, दुसऱ्या वर्षी ढाका असं केलं तरी चालेल. सीमा राज्याची असो की देशाची, पलीकडच्या निवडून आलेल्या माणसाचा फोन नंबर आपल्या निवडून आलेल्या माणसाकडे असावा, हीच गोष्ट आहे.

नागपूरच का, असं मुंबई-पुण्याचे मित्र विचारतात. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारानं विधिमंडळाचं वर्षातून एक अधिवेशन इथे घ्यायचं ठरलं, म्हणून राज्याचे सगळे आमदार डिसेंबरात इथे असतात. त्यांना वेगळं बोलावायची गरज नाही. हल्ली ते अधिवेशन आक्रसत चाललं आहे, २०२४ मध्ये तर १६ ते २१ डिसेंबर असं सहाच दिवसांचं झालं. त्याला लागून एक आठवडा संवादाला दिला तर करारालाही थोडा न्याय मिळेल. आणि या शहराला विरोधी विचारांची सवय आहे. दीक्षाभूमी आणि संघाचं मुख्यालय एकाच शहरात, काही किलोमीटरच्या अंतरात आहेत. १९५७ मध्ये याच शहरानं ए. बी. बर्धन यांच्यासारख्या कम्युनिस्टाला विधानसभेत पाठवलं. दीक्षाभूमीवर जपान, थायलंड, श्रीलंकेहून माणसं येतात, आपल्या माणसांशी मोडक्यातोडक्या शब्दांत बोलतात, पंगतीत जेवतात. विदर्भातलेच तुकडोजी महाराज १९५५ मध्ये जपानला विश्वधर्म परिषदेला गेले होते, खंजिरी घेऊन.

ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यात सत्ता उलटली. दिल्ली-ढाका बोलणं थंडावलं. सरकारांची बोलणी थंडावतात तेव्हाच अशा संवादाची खरी गरज असते. ज्यांनी तिथल्या एकाच पक्षाशी ओळख ठेवली होती त्यांचे फोन उचलणारं कोणी उरलं नाही. म्हणून पलीकडूनही सत्तेतले आणि सत्तेबाहेरचे, दोन्ही बोलवावे लागतात. पहिल्या वर्षाचा विषय मी सांगून टाकतो: कांदा आणि संत्रा. इकडून वरुड, काटोल, निफाड, येवला अशा भागांतले दहा-बारा आमदार, पक्ष कोणताही. तिकडून तितकीच माणसं. दोन अर्थशास्त्रज्ञ, दोन बागायतदार, एक आयातदार. मागणी एकच ठेवायची: निर्यात बंद करायची किंवा शुल्क वाढवायचं असेल तर हंगामाआधी तीन महिने सांगा. हसीना यांनी तेच मागितलं होतं. वरुडचा माणूसही तेच मागतो आहे.

गेल्या हिवाळ्यात मी त्यांच्या बगीच्यात गेलो होतो. एका अंगाची झाडं तोडलेली होती, तिथे आता तूर उभी आहे. उरलेल्या झाडांखाली बसून आम्ही जेवलो. हात धुतल्यावर त्यांनी मोबाइल काढला, एक नाव शोधलं, आणि स्पीकर लावून फोन केला. पलीकडे ढाक्याच्या बादामतली घाटावरचे फळांचे जुने आडते होते. वीसेक वर्षांपासूनचा व्यवहार, आता माल जात नसला तरी ईदला आणि दिवाळीला फोन होतो. दोघांचंही हिंदी आपापल्या भाषेत बुडालेलं. पावसाचं विचारून झालं, गुडघेदुखीचं झालं, नातवाच्या शाळेचं झालं. मग पलीकडून आवाज आला, "दादा, इस बार फल कैसा है?"

त्यांनी हात वर करून डोक्यावरच्या फांदीचं एक संत्रं हलकेच फिरवून पाहिलं. "फल तो अच्छा है," ते म्हणाले, "तुम बोलो, उधर रेट क्या चल रहा है?"